पाजता पाजता झोपलेलं बाळ : पिणं आणि झोपणं वेगळं करायच्या सल्ल्याची पार्श्वभूमी

सात-आठ महिन्यांचं बाळ अंगावर पिता पिता झोपतं. अलगद पाळण्यात ठेवलं की टक्क जागं होतं, आणि रात्रीतून चार-पाच वेळा उठून पुन्हा पदराखाली शिरतं. घरोघरची गोष्ट. यावर आईला मिळणारे सल्ले मात्र एकमेकांना छेद देणारे. आजी म्हणते, ‘पाज आणि झोपव, त्यात शिकवायचं काय?’ मैत्रीण म्हणते, ‘तीन रात्री रडू दे, चौथ्या रात्री आपोआप झोपेल.’ मोबाइलवरच्या ‘स्लीप कोच’ बाई पैसे घेऊन तिसरंच वेळापत्रक पाठवतात. हे सल्ले वेगवेगळ्या काळात आणि फार वेगळ्या गरजांतून आले आहेत. बाळ तेच आहे. त्याच्या भोवतालचं घड्याळ, घरात येणारं दूध आणि आईची कामाची वेळ मात्र पार बदलली.

आधी दुधाबद्दल. अंगावर पिताना डोळा लागणं ही काही वाईट सवय नव्हे. दूध पिताना बाळाच्या आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं आणि पोट भरल्याची गुंगी चढते. आईच्या रात्रीच्या दुधात मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक असतं, दिवसाच्या दुधात ते नसल्यातच जमा. हे दूध डब्याच्या दुधापेक्षा लवकर पचतं, म्हणून भूकही लवकर लागते. आईच्या शरीरात दूध तयार करवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री वाढलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत रात्रीचं पाजणं दूध टिकण्यासाठीही उपयोगी पडतं. दूध आणि झोप यांची गाठ अशी मुळातच घट्ट. ती सोडवायची निकड कुणाला आणि का वाटली, तिथून हा इतिहास सुरू होतो.

निकड पहिल्यांदा वाटली ती कामावर जाणाऱ्या बायकांना, आणि त्यावरचा पहिला उपाय भयंकर होता. १८४९ पासून अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बँगर गावातून ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ विकलं जाऊ लागलं. दात येताना रडणाऱ्या बाळासाठी म्हणून त्याची जाहिरात असे. बाटलीत मॉर्फिन असे. इंग्लंडच्या गिरणीगावांत ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ होतं, त्यात अफू. अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने औषधात काय आहे ते लेबलवर छापणं भाग पडलं, तेव्हा कुठे अशा सिरपांचं बिंग फुटलं.

‘आपल्याकडे असलं काही नव्हतं’ असं म्हणायची सोय नाही. मुंबईच्या गिरणगावात पहाटेचा भोंगा झाला की बाई गिरणीतल्या आपल्या खात्यात कामाला जायची. तान्हं मूल चाळीतल्या खोलीत म्हातारीपाशी, नाहीतर थोरल्या बहिणीपाशी, आणि ते शांत पडून राहावं म्हणून त्याला अफूची बारीक गोळी, बाळागोळी, चाटवलेली. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने गिरणी कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना नेमलं होतं. या बायकांच्या जवळपास सगळ्याच तान्ह्यांना अफू दिली जाते, असं त्यांच्या पाहणीत निघालं. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा केला, देशातला असा पहिला. ‘आमच्या वेळी पोरं गुपचूप झोपायची’ या वाक्यामागे कधीकधी काय असायचं, ते या पाहणीत दिसतं.

अफूच्या जागी आलं घड्याळ. न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलचे डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांनी १८९४ मध्ये माता आणि मुलं सांभाळणाऱ्या बायका यांच्यासाठी प्रश्नोत्तरांच्या रूपात एक छोटं पुस्तक काढलं. पुढे दशकानुदशकं ते अमेरिकेतल्या घरांत होतं. त्यात झुलवण्याला विरोध होता, ठरल्या वेळीच पाजायचं होतं, आणि सवयीने रडणाऱ्या मुलाला सरळ रडू द्यायचं होतं. पहिल्यांदा तासभर लागेल, फार हट्टी मूल असेल तर दोन-तीन तास; दुसऱ्यांदा दहा-पंधरा मिनिटं; तिसऱ्यांदा बहुधा गरजच पडणार नाही, असा त्यांचा हिशोब. तीन रात्रींचा तो सल्ला आला आहे तो इथून. एकशे तीस वर्षांचा झाला तरी अजून नवा म्हणून खपतो.

न्यूझीलंडचे डॉ. ट्रूबी किंग याहून गमतीशीर. सीक्लिफच्या मनोरुग्णालयाचे ते अधीक्षक. तिथल्या शेतावर वासरांना मोजूनमापून दूध पाजण्याचे प्रयोग त्यांनी केले होते, आणि तीच शिस्त पुढे माणसाच्या पिल्लांना लावली. १९०७ मध्ये ड्युनेडिनला त्यांच्या प्रेरणेने आई-बाळाच्या आरोग्यासाठी काम करणारी प्लंकेट सोसायटी निघाली. किंग आईच्या दुधाचे कट्टर पुरस्कर्ते होते, पण दर चार तासांनी पाजायचं आणि रात्री अजिबात नाही, हा त्यांचा नियम. म्हणजे दूध आईचं आणि वेळापत्रक रेल्वेचं. त्यांचं ऐकणाऱ्या किती आयांचं दूध यामुळे आटलं असेल, असं मला राहून राहून वाटतं, कारण वारंवार पाजलं नाही तर दूध कमी होतं हे आज कुठलीही नर्स सांगते. दूध आटलं की बाटली आलीच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तर अमेरिकेत जेमतेम चारातलं एक बाळ अंगावर पीत होतं.

‘बाळ रात्रभर कधीपासून झोपायला हवं’ याचे आपल्या डोक्यातले आकडे याच काळात बसले. १९५७ मध्ये मूर आणि उको या संशोधकांनी लंडनमधल्या बाळांच्या पाहणीत ‘रात्रभर’ म्हणजे मध्यरात्री बारा ते पहाटे पाच एवढाच काळ धरला होता. तीन महिन्यांच्या सुमारास ७० टक्के बाळं तेवढी झोपत होती. पाच तासांची ती ‘रात्र’ पुढे लोकांच्या तोंडी रात्री आठ ते सकाळी सात कधी झाली, कळलंच नाही.

मग मानसशास्त्र आलं. १९५९ चा सी. डी. विल्यम्स यांचा छोटासा शोधनिबंध या क्षेत्रात अजून सांगितला जातो. एकवीस महिन्यांचा मुलगा. आधी बराच आजारी होता, बरा झाला, पण झोपवताना कुणी खोलीतून उठलं की आकांत करायचा. घरच्यांचा रोज रात्री अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ त्यात जायचा. ठरलं की झोपवायचं, बाहेर पडायचं, दार लावायचं आणि परत जायचं नाही. पहिल्यांदा पोरगं ४५ मिनिटं रडलं. दहाव्या खेपेपर्यंत कुरकुरणंही थांबलं. आठवडाभराने घरातली आत्या किंवा मावशी जी कोण होती, तिच्याने ते रडणं ऐकवेना. ती आत गेली, झोपेपर्यंत बसून राहिली, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. शास्त्रज्ञांच्या लेखी ही प्रयोगातली गडबड. आपल्याकडच्या भरल्या घरात ‘रडू द्यायचं’ हा बेत दुसऱ्या रात्रीच का फसतो, ते मात्र त्या एका परिच्छेदात आलं आहे.

१९७९ मध्ये संशोधक थॉमस अँडर्स यांनी बाळांच्या झोपेचं रात्रभर चित्रीकरण केलं तेव्हा दिसलं की रात्री जाग सगळ्यांनाच येते. काही बाळं इकडेतिकडे बघून पुन्हा झोपतात, काही हाक मारतात. बॉस्टनचे डॉ. रिचर्ड फर्बर यांनी १९८५ च्या पुस्तकात यावरच भर दिला: झोप लागताना बाळाला जे लागतं, तेच मध्यरात्री जाग आल्यावरही लागतं. स्तन तोंडात असताना झोपलेलं बाळ उठल्यावर तोच शोधणार. त्यांचा उपाय टप्प्याटप्प्याने वाढत्या अंतराने जाऊन धीर द्यायचा. दार लावून मोकळं व्हायला त्यांनी सांगितलेलं नव्हतं. तरी त्यांच्या नावाने ओळखली जाते ती ‘रडू द्या’ पद्धतच.

उलटा प्रवाह तोवर जोर धरत होता. १९५६ मध्ये शिकागोजवळच्या फ्रँकलिन पार्कमध्ये सात आयांनी ला लेचे लीग ही संघटना सुरू केली होती, बाळ मागेल तेव्हा पाजायचं म्हणून. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ या मनोतज्ज्ञांनी आई-मुलाच्या जवळिकीचं शास्त्र मांडलं. अंगावर पाजणाऱ्या आयांची संख्या पुन्हा वाढली आणि आता पेच उभा राहिला: होल्टपासूनच्या साऱ्या युक्त्यांमध्ये रात्रीचं दूध हा अडथळा मानलेला, आणि या बायकांना दूध तोडायचं नव्हतं, झोपही हवी होती.

त्यांच्यासाठी म्हणून लिहिलेली पद्धत २००२ मध्ये एलिझाबेथ पँटली यांच्या पुस्तकात आली. शिक्षणाने त्या डॉक्टर नव्हत्या, चार मुलांची आई होत्या, आणि ते पद्धतीत दिसतं. बाळाला नेहमीसारखं पाजायचं. गटागटा गिळणं थांबून ओठांची नुसती चुळबुळ उरली की करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हळूच आत सरकवायची, पकड सुटते. स्तन काढून घ्यायचा आणि हनुवटीखाली बोट हलकंच टेकवून तोंड मिटलेलं ठेवायचं. बाळ तोंड वासून शोधू लागलं तर पुन्हा द्यायचं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. एका रात्रीत हे चार-पाच वेळा करावं लागतं, आणि काही दिवसांनी स्तन सुटल्यावरही ते पेंगत राहतं. त्यापुढची पायरी म्हणजे पूर्ण झोपायच्या आधी खाली ठेवणं, पाठीवर, सपाट कडक गादीवर, आजूबाजूला उशी-दुलई न ठेवता. आणि पोटावर हात. याला तीन रात्री पुरत नाहीत, आठवडे लागतात. जाहिरातीला हे सोयीचं नाही.

रडू दिल्याने मुलाच्या मनावर कायमचा ओरखडा उठतो का, हा वाद मधल्या काळात चांगलाच तापला. मेलबर्नच्या संशोधकांनी ३२६ मुलांचा सहा वर्षांच्या वयापर्यंत पाठपुरावा केला. ठरावीक अंतराने धीर देणं किंवा खाटेशेजारी बसून हळूहळू दूर सरकणं शिकवलेल्या घरांतली मुलं आणि बाकीची मुलं यांच्यात २०१२ च्या अहवालात फरक आढळला नाही: ना तोटा, ना टिकणारा फायदा. दोन्ही बाजूंनी यातला आपल्या सोयीचा अर्धाच भाग उचलला. हे सगळं सहा-सात महिन्यांपुढच्या, वजन नीट वाढणाऱ्या बाळांबद्दल आहे. सव्वा महिन्याच्या बाळाला ‘झोपेचं शिक्षण’ देणाऱ्यांना त्यात कसलाच आधार नाही.

आपल्याकडे हा विषय आताच इतका का बोलला जातो, याचं एक कारण रजेच्या कायद्यात आहे. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. बाळ सहा महिन्यांचं होतं, वरचं अन्न सुरू होतं आणि त्याच आठवड्यात पुण्या-मुंबईतल्या आईला लॅपटॉप उघडावा लागतो. पूर्वी गिरणीच्या भोंग्याने जे व्हायचं ते आता कॅलेंडरवरच्या तारखेने होतं. त्यातच पाश्चात्त्य वेळापत्रकातलं संध्याकाळी साडेसातचं झोपणं आपल्या घरात बसत नाही. सतरा देशांतल्या २९ हजारांवर मुलांच्या २०१० च्या पाहणीत न्यूझीलंडची मुलं साधारण साडेसातला झोपत होती, हाँगकाँगची सव्वादहाला. बाबा नऊला घरी येत असतील तर साडेसातचा अट्टहास कशाला? बाळाची जी खरी झोपेची वेळ आहे तिथून सुरुवात करून ती हळूहळू पंधरा-पंधरा मिनिटं अलीकडे आणणं हीदेखील अभ्यासलेली पद्धत आहे, आणि त्यात रडारड कमी.

दुसरी सोय तर घरातच आहे. आईच्या कुशीत दुधाचा वास येतो, म्हणून बाळ तिथे थोपटून झोपत नाही. बाबांच्या नाहीतर आजीच्या खांद्यावर झोपतं. शेवटचं पाजून झालं की पहिल्या झोपेसाठी त्याला दुसऱ्या कुणी घ्यायचं, एवढ्यानेच कित्येक घरांत पिणं आणि झोपणं वेगळं होऊ लागतं. फक्त बाबांना ‘मी मदत करतो’ म्हणून एखाद्या रविवारी करून चालत नाही. ते रोज रात्री करावं लागतं, बाळाने पहिल्या आठवड्यात कितीही नाकारलं तरी.