बार्दोच्या तहात नसलेला शब्द

१२ मे १८८१ च्या बार्दो तहात फ्रान्सने ट्युनिशियाला आपले संरक्षित राज्य घोषित केले, असे सर्रास छापले जाते. त्या तहाच्या दहा कलमांत हा शब्दच नाही. खरी मेख कलम २ आणि ६ मध्ये आहे. स्थानिक प्रशासन सुव्यवस्था राखू शकते, असे दोन्ही बाजूंना मान्य होईपर्यंत फ्रेंच फौज राहणार. म्हणजे फ्रान्सने ‘नाही’ म्हटले की मुक्काम कायम! शिवाय फ्रान्सच्या संमतीवाचून बे (ट्युनिशियाचा शासक) परराष्ट्रांशी करार करू शकत नव्हता. अंतर्गत कारभार मात्र कागदोपत्री त्याचाच. तोही गेला ८ जून १८८३ च्या ला मार्सा करारात: फ्रान्स सुचवेल त्या प्रशासकीय, न्यायिक, आर्थिक सुधारणा बेने करायच्या. ‘संरक्षित राज्य’ (प्रोटेक्टोरेट) हा शब्द अधिकृतपणे उमटला तो इथे.