मेंढ्यांतील सांसर्गिक गर्भपाताच्या रक्तचाचण्या

कळपात एकापाठोपाठ एक मेंढ्या गाभ टाकू लागल्या, तर त्यामागील रोगजंतू ओळखण्यासाठी रक्तातील सीरममध्ये (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवात) प्रतिपिंडे (जंतूंविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) शोधणाऱ्या चाचण्या. मेंढीचा गर्भकाळ सु. 150 दिवसांचा असतो. ब्रुसेल्ला मेलिटेन्सिस, क्लॅमिडिया अबॉर्टस, टॉक्सोप्लाझ्मा गोंडी, कॉक्सिएला बर्नेटी, कॅम्पिलोबॅक्टर व साल्मोनेला अबॉर्टसओव्हिस यांच्यामुळे होणारे गर्भपात मुख्यतः उत्तरार्धात होतात आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांतला फरक सहसा सांगता येत नाही. खाद्यातील उणिवा, लांबची चाल, विषबाधा यांमुळेही गाभ पडतो.

या चाचण्यांचा उगम माल्टा बेटावरील तापाच्या शोधात आहे. डेव्हिड ब्रूस यांनी 1886-87 च्या सुमारास मृत सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जंतू, म्हणजेच ब्रुसेल्ला मेलिटेन्सिस, वेगळा केला. 1897 मध्ये राइट व सहकाऱ्यांनी त्यासाठी समूहन चाचणी (प्रतिपिंडांमुळे जंतूंच्या गुठळ्या होतात का हे पाहणारी) वापरली आणि 1905 मध्ये थेमिस्टोक्लीझ झॅमिट यांना वरवर निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात हीच प्रतिक्रिया आढळली. प्राणी धडधाकट दिसत असूनही रक्त संसर्ग दाखवते, हे त्यामुळे कळले.

*रोझ बेंगॉल चाचणी* : ब्रुसेल्लाच्या क्षेत्रीय तपासणीत सर्वाधिक वापरली जाणारी समूहन चाचणी. यातील प्रतिजन (ज्याला प्रतिपिंडे चिकटतात तो पदार्थ) म्हणजे रोझ बेंगॉल रंगाने रंगवलेले, मारलेले ब्रुसेल्ला अबॉर्टस जंतू, सु. 3.65 सामू (पीएच) असलेल्या आम्लधर्मी द्रावणात. गायीच्या जंतूचे प्रतिजन मेंढीला चालते, कारण अबॉर्टस व मेलिटेन्सिस या दोन्ही जंतुजातींच्या पृष्ठभागावरील शर्करायुक्त प्रतिजने बरीचशी सामाईक आहेत. आम्लतेमुळे आयजीएम या प्रकारच्या प्रतिपिंडांची अविशिष्ट जोडणी दबते.

सीरम व प्रतिजन किती घ्यावे, हा मात्र वादाचा मुद्दा आहे. गायीसाठी दोन्ही समान, प्रत्येकी 30 मायक्रोलिटर घेतात. बाटलीवरील सूचना बहुधा तशाच असतात आणि अनेक ठिकाणी मेंढीलाही तेच प्रमाण लावले जाते. मेंढ्या-शेळ्यांत या प्रमाणाने काही बाधित जनावरे निसटतात. त्यामुळे जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमावलीत 75 मायक्रोलिटर सीरमला 25 मायक्रोलिटर प्रतिजन असे तिप्पट प्रमाण सुचवले आहे. सीरम वाढवल्यास खोट्या होकारार्थी निकालांची शक्यता थोडी वाढते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु ही चाळणी चाचणी असल्याने आणि होकारार्थी नमुने पुढच्या चाचणीला जाणारच असल्याने तिप्पट प्रमाणच अधिक योग्य वाटते. अहवालात प्रमाण लिहिलेले नसेल, तर दोन प्रयोगशाळांच्या निकालांची तुलना करू नये.

कृती सोपी असली तरी चुका ठरलेल्या असतात. शीतपेटीतून काढलेले प्रतिजन व सीरम खोलीच्या तापमानाला (सु. 22 अंश से.) येऊ द्यावे, थंड प्रतिजनाने प्रतिक्रिया मंदावते. पांढऱ्या फरशीवर थेंब मिसळून 4 मिनिटे हलवावे व लगेच वाचावे. उशीर झाल्यास कडा वाळून खोट्या गुठळ्या दिसतात. ज्ञात होकारार्थी व नकारार्थी सीरम दरवेळी सोबत लावावे.

खात्रीसाठी पूरक-स्थिरीकरण चाचणी (प्रतिजन-प्रतिपिंडांच्या जोडीला रक्तातील ‘पूरक’ प्रथिने बांधली जातात का हे पाहणारी) किंवा एलायझा (विकराच्या रंगबदलावरून प्रतिपिंडे ओळखणारी चाचणी) करतात. पूरक-स्थिरीकरणात सीरम सु. 60 अंश से. ला अर्धा तास तापवून त्यातील मूळ पूरक निष्क्रिय करतात. पूरक गिनीपिगचे आणि दर्शक म्हणून मेंढीच्याच तांबड्या पेशी वापरतात; पूरक मोकळे राहिले तर त्या फुटतात. दर मिलिलिटरला 20 आंतरराष्ट्रीय एकके वा अधिक असल्यास निकाल होकारार्थी. रक्तलयन झालेले किंवा सडलेले सीरम स्वतःच पूरक बांधते व नमुना बाद होतो. येर्सिनिया एंटरोकोलिटिका ओ:9 च्या संसर्गानेही खोटा होकारार्थी निकाल येऊ शकतो. नर मेंढ्यांत अधिवृषणदाह (वृषणालगतच्या नळीचा दाह) घडवणाऱ्या ब्रुसेल्ला ओव्हिसचे पृष्ठभाग-प्रतिजन वेगळे असल्याने रोझ बेंगॉल त्यासाठी निरुपयोगी आहे. त्याला स्वतंत्र प्रतिजन लागते.

*नमुना* : मानेच्या शिरेतून 5 मिलि. रक्त साध्या, कोरड्या नळीत घ्यावे. ओली सिरिंज, नळी हलवणे, ऊन आणि पूर्ण रक्त गोठवणे यांमुळे रक्तलयन होते. गुठळी आकसल्यावर सीरम वेगळे करून बर्फाच्या पेटीत पाठवावे. साठवण उणे 20 अंश से. ला. गाभ टाकलेल्यांबरोबर न टाकलेल्या मेंढ्यांचेही नमुने घ्यावेत. मोठ्या कळपात 10 टक्के मेंढ्या बाधित असतील, तर त्यांतील किमान एक 95 टक्के खात्रीने सापडण्यासाठी 29 नमुने लागतात. 5 टक्क्यांसाठी 59.

गाभ पडला त्याच दिवशी प्रतिपिंडे वाढलेली असतीलच असे नाही, म्हणून 2-3 आठवड्यांनी दुसरा नमुना घेतात. पुणे जिल्ह्यात अडचण इथेच येते. बारामती, इंदापूर, दौंड भागांतील धनगरांचे वाडे पावसाळ्यानंतर चराईसाठी दूर उतरतात आणि पहिल्या नमुन्याची मेंढी दुसऱ्या वेळी सापडत नाही. कानातील बिल्ल्याचा क्रमांक, वेत आणि पुढचा मुक्काम चिठ्ठीवर लिहून घ्यावा. पुण्यातील औंध येथील पशुरोग अन्वेषण विभागाची प्रयोगशाळा पश्चिम विभागाची संदर्भ प्रयोगशाळा आहे.

*इतर जंतू* : क्लॅमिडिया अबॉर्टसचा सुप्त संसर्ग विण्यापूर्वी रक्तात दिसत नाही, पूरक-स्थिरीकरणात क्लॅमिडिया पेकोरमशी गल्लत होते. टॉक्सोप्लाझ्माची प्रतिपिंडे वर्षानुवर्षे टिकतात, त्यामुळे एका मेंढीचा होकारार्थी निकाल गर्भपाताचे कारण सिद्ध करत नाही. याउलट मेंढीच्या जारेतून प्रतिपिंडे गर्भात जात नाहीत. म्हणून गर्भाच्या छातीतील द्रवात किंवा चीक पिण्यापूर्वीच्या कोकराच्या रक्तात ती आढळली, तर संसर्ग गर्भाशयातच झाला हे निश्चित. हा पुरावा हाताशी असताना केवळ आईचे रक्त पाठवणे ही खेदाची गोष्ट आहे. कॉक्सिएलात रक्त नकारार्थी असलेली मेंढीही जारेतून जंतू सोडू शकते. कॅम्पिलोबॅक्टरसाठी रक्तचाचणीचा उपयोग नगण्य. तिथे जार व गर्भाच्या जठरातील द्रव यांचे संवर्धन लागते. जार व मृत गर्भ हाताळताना हातमोजे व मुखपट्टी वापरावी, गरोदर स्त्रियांना त्यापासून दूर ठेवावे.

पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा ‘प्लेग’) व नीलजिव्हा (ब्लूटंग) या विषाणुजन्य रोगांतही गाभ पडतो. पीपीआरची नेहमीची स्पर्धात्मक एलायझा लसीकृत व बाधित मेंढी यांत भेद करत नाही, त्यामुळे लसीकरणाची तारीख नमुन्यासोबत पाठवणे आवश्यक असते.