बायोलीचिंग की बायो-ऑक्सिडेशन? धातू शेवटी कुठे असतो ते बघा

खनिजातून धातू काढायला जिवाणू वापरले की सरसकट ‘बायोलीचिंग’, म्हणजे जिवाणूंच्या मदतीने धातू द्रावणात उतरवणं, म्हटलं जातं. तांब्याच्या बाबतीत ते बरोबर आहे, सोन्याच्या बाबतीत बहुतेक वेळा चूक. दोन्हीकडे लोह आणि गंधकावर जगणारे, आम्लात रमणारे जिवाणू असतात. ते फेरस लोहाचं फेरिक लोह करतात, म्हणजे त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतात. फेरिक लोह सल्फाइड खनिज (धातू आणि गंधक यांचं खनिज) फोडतं, त्यात स्वतः पुन्हा फेरस होतं, आणि जिवाणू त्याला परत फेरिक करतात. म्हणजे ‘जिवाणू दगड खातात’ हे अर्धंच खरं. फोडण्याचं बरंचसं काम लोहाचं असतं.

फरक पडतो तो पुढे. चिलीतल्या केब्राडा ब्लांका खाणीत, साधारण 4,400 मीटर उंचीवर, 1994 पासून तांब्याचं बायोलीचिंग झालं. खनिज भरडायचं, ढीग रचायचा, वरून आम्ल झिरपवायचं, खालून हवा सोडायची. तांबं द्रावणात उतरतं, ते गोळा करायचं. उरलेला ढीग टाकाऊ.

सोन्याचं नेमकं उलट. काही धातुकांत सोन्याचे कण इतके बारीक असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाहीत. पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) किंवा आर्सेनोपायराइटमध्ये (त्यात आर्सेनिकही असतं) ते करवंटीतल्या खोबऱ्यासारखे बंद असतात. धातुक कितीही दळलं तरी सोनं विरघळवणारं सायनाइड त्यांच्यापर्यंत पोचत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बरटनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत 1986 पासून अशा खनिजाची भुकटी सुमारे 40 अंश सेल्सिअसच्या टाक्यांत, हवा सोडून आणि ढवळत, काही दिवस जिवाणूंच्या हवाली केली जाते. लोह, गंधक आणि आर्सेनिक विरघळतात. सोनं मात्र घन गाळातच राहतं. तो गाळ धुऊन मगच सायनाइडकडे पाठवतात. इथे जिवाणूंनी सोनं विरघळवलेलं नसतं, फक्त त्याची वाट मोकळी केलेली असते. म्हणून याला बायो-ऑक्सिडेशन म्हणायचं.

असं खनिज भट्टीत भाजण्यापेक्षा हा मार्ग मला नक्कीच बरा वाटतो, कारण भाजताना सल्फर डायऑक्साइड आणि आर्सेनिकची वाफ निघते. पण त्याला सरळ ‘हरित’ म्हणून मोकळं होणं पटत नाही. आर्सेनिक नाहीसं होत नाही, ते टाक्यांतल्या आम्लधर्मी पाण्यात येतं. चुनखडी आणि चुना घालून ते फेरिक आर्सेनेटच्या (लोह आणि आर्सेनिकच्या घन संयुगाच्या) रूपात खाली बसवावं लागतं आणि तो साका खाण बंद झाल्यावरही सांभाळावा लागतो.