फील्ड-मर्यादा (डेस्कटॉप डेटाबेस)

डेस्कटॉप डेटाबेसच्या एका टेबलमध्ये जास्तीत जास्त किती फील्ड (स्तंभ) असू शकतात आणि एका रेकॉर्डमध्ये (ओळीत) किती मजकूर मावतो, यांवरील बंधनास फील्ड-मर्यादा म्हणतात. डीबेस ३ प्लस या जुन्या डेटाबेस प्रोग्राममध्ये १२८ फील्डची मुभा होती; मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये ती २५५ आहे. एक्सेलच्या पानावर २००७ च्या आवृत्तीपासून १६,३८४ स्तंभ मावत असल्याने तेथे वाढलेली माहिती अ‍ॅक्सेसमध्ये आणताना ही अडचण हटकून उभी राहते.

कधी कधी २५५ च्या बरेच आत असतानाही फील्ड जास्त झाल्याचा संदेश येतो. फील्ड काढून टाकले तरी अ‍ॅक्सेसची अंतर्गत मोजणी कमी होत नाही, आणि असलेल्या फील्डचे गुणधर्म बदलले तरी ती वाढते. अशा वेळी डेटाबेसची फाइल आटोपशीर व दुरुस्त करणारी ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही आज्ञा पुरते.

मर्यादा खरोखरच ओलांडायची असेल, तर टेबलचे दोन भाग करून दोहोंत एकच प्राथमिक की (प्रत्येक रेकॉर्डची ओळख पटवणारे फील्ड) ठेवण्याचा मार्ग सर्रास सुचवला जातो. तो तात्पुरता मानावा, कारण क्वेरीच्या (टेबलांतून हवी ती माहिती काढणाऱ्या आज्ञेच्या) निकालालाही २५५ फील्डचीच मर्यादा असल्याने सर्व फील्ड एकत्र पाहता येत नाहीत; फॉर्म (माहिती भरण्याची व पाहण्याची चौकट) आणि त्याच्या आतला सबफॉर्म जोडून काम भागवावे लागते. बहुतेकदा दोष रचनेत असतो. ३०० प्रश्नांच्या सर्वेक्षणासाठी ३०० फील्ड करण्याऐवजी उत्तरदात्याचा क्रमांक, प्रश्नाचा क्रमांक आणि उत्तर अशी तीन फील्ड ठेवली, की प्रत्येक उत्तर स्वतंत्र रेकॉर्ड होते आणि नवा प्रश्न आला तरी टेबलची रचना बदलावी लागत नाही. आडवा तक्ता हवा असल्यास ओळींतील माहिती स्तंभांत मांडणारी क्रॉसटॅब क्वेरी वापरता येते, अर्थात २५५ स्तंभांच्या आतच.

मजकुराची मर्यादा मराठी वापरकर्त्याला अधिक लवकर जाणवते. ‘शॉर्ट टेक्स्ट’ फील्डमध्ये २५५ वर्ण मावतात, पण काना, वेलांटी आणि हलन्त हे वेगळे वर्ण मोजले जातात. ‘क्षि’ या एका अक्षराला चार जागा लागतात. युनिकोड कॉम्प्रेशन (वर्ण कमी बाइटमध्ये साठवण्याची सोय) चालू असताना रेकॉर्डला सुमारे ४,००० वर्णांची मुभा मिळते खरी, परंतु ही बचत मुख्यतः रोमन लिपीपुरती आहे. देवनागरीचा प्रत्येक वर्ण दोन बाइट घेतो, म्हणून ही मुभा जवळपास निम्मी होते. ‘लाँग टेक्स्ट’ हे लांब मजकुराचे फील्ड या हिशेबात धरले जात नाही. त्यामुळे पत्ते, शेरे यांसारखा लांब मजकूर त्यात हलवणे सोयीचे ठरते.