रुग्णालयातील फरशी आणि वृद्ध रुग्णांच्या पडण्यातील इजा

वृद्ध रुग्ण पडल्यास त्याला होणारी इजा पायाखालच्या पृष्ठभागावर कितपत अवलंबून असते, हा वृद्धवैद्यक, परिचर्या आणि इमारत-बांधणी यांच्या सीमेवरचा विषय आहे. ‘फरशी’ या शब्दात येथे वरचे आच्छादन (व्हिनाईल, लिनोलियम, मोझेक, गालिचा), त्याखालचे अस्तर आणि तळाचा काँक्रीटचा कोबा किंवा लाकडी फळ्या हे सर्व थर येतात. अनेक नोंदींत फक्त आच्छादनच लिहिलेले असते, ही गंभीर उणीव होय.

कठीण, धुता येणाऱ्या फरशीचा आग्रह एकोणिसाव्या शतकातील स्वच्छताविचारातून आला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी परिचर्येवरील आपल्या पुस्तकात (प्रकाशनवर्ष काही ठिकाणी 1859, काही ठिकाणी 1860) गालिचाला दोष देऊन बर्लिन पद्धतीची रोगण दिलेली जमीनच खरी स्वच्छ मानली. फ्रेडरिक वॉल्टन यांच्या लिनोलियमचे (जवसाच्या तेलापासून बनवलेल्या आच्छादनाचे) एकस्वही (पेटंटही) 1860 व 1863 अशा दोन सालांना दिले जाते. पहिले एकस्व जवसाच्या तेलावरील प्रक्रियेपुरते असावे. त्यामुळे जमिनीच्या आच्छादनाच्या दृष्टीने 1863 हे साल अधिक ग्राह्य वाटते. पुढे व्हिनाईलने लिनोलियमची जागा बऱ्याच अंशी घेतली.

कुशीवर पडताना खुब्यावर थेट आघात होतो आणि ठिसूळ झालेल्या मांडीच्या हाडाची मान मोडू शकते. मऊ थर दबतो, शरीर थांबायला किंचित अधिक अंतर मिळते आणि आघाताचे कमाल बल उतरते. मात्र हाच थर चालतानाही दबतो. पाय फरपटत टाकणाऱ्याचा तोल त्यामुळे जाऊ शकतो. म्हणून पडण्याचा धोका आणि पडल्यावर इजा होण्याचा धोका वेगवेगळे मोजावे लागतात. दर शंभर पडण्यांमागे इजा घटल्या, पण पडणेच वाढले, तर रुग्णाच्या पदरात काय पडले, हे पहिल्या आकड्यावरून कळत नाही. जुन्या अहवालांची तुलना करताना आकडा कशामागे काढला आहे (पडण्यांमागे की रुग्णांमागे), ते आधी पाहावे.

गालिचाबाबतचा पुरावा परस्परविरोधी आहे. 1986 मधील एका अभ्यासात रुग्णालयातील वृद्ध गालिचावर व्हिनाईलपेक्षा वेगाने व लांब पावले टाकत चालले. 2000 मधील एका छोट्या चाचणीत मात्र गालिचावर पडणे अधिक दिसले. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील 34 वृद्धनिवासांच्या पाहणीत 6,641 वेळा पडणे व 222 अस्थिभंग नोंदले गेले. दर शंभर पडण्यांमागे सर्वांत कमी अस्थिभंग गालिचा असलेल्या लाकडी तळावर होते. आच्छादनाइतकेच महत्त्व तळालाही द्यावे, हे मत या पाहणीमुळे बळकट होते.

आघातशोषक फरशीवर 2013 मध्ये इंग्लंडमधील आठ रुग्णालयांतील प्राथमिक चाचणी प्रसिद्ध झाली. इजा कमी होण्याची शक्यता तीत दिसली, पण पडणे वाढण्याची शंकाही उरली. चाचणी निर्णायक ठरण्याइतकी मोठी नव्हती. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेली कॅनडातील चाचणी अधिक काटेकोर मानावी लागेल. दीर्घकालीन शुश्रूषागृहाच्या 150 खोल्यांत व्हिनाईलखाली काही ठिकाणी 2.54 सेंमी. जाडीचा आघातशोषक थर आणि काही ठिकाणी तेवढेच प्लायवुड घालून चार वर्षे निरीक्षण केले गेले. गंभीर इजांत घट आढळली नाही. हा निष्कर्ष निराशाजनक आहे; परंतु तुलना प्लायवुडशी होती, उघड्या कोब्याशी नव्हे, हे ध्यानात घ्यावे. शिवाय शुश्रूषागृहातील रहिवासी आणि तीव्र आजारात दाखल झालेला, औषधांमुळे गुंगीत असलेला रुग्ण यांची स्थिती सारखी नसते.

निसरडेपणा लंबक-चाचणीने, म्हणजे झुलणाऱ्या लंबकाचे रबरी टोक फरशीवर घासून, मोजतात; मूल्य जितके जास्त तितकी पकड चांगली. ब्रिटिश प्रथेत 36 वा त्याहून अधिक मूल्य कमी धोक्याचे समजतात. चकचकीत फरशी ओली भासते आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला गडद पट्टा खड्ड्यासारखा वाटून तो थबकतो किंवा ओलांडू पाहतो.

मऊ फरशीवर खाटा व ट्रॉल्या ढकलायला जास्त जोर लागतो आणि तो भार परिचारिका व कामगारांच्या पाठीवर येतो.