मेहनत की परिस्थिती? मराठवाड्यातल्या वादाची पार्श्वभूमी

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आपल्याकडं हा वाद हमखास पेटतो. ऊसतोड कामगाराची पोरगी डॉक्टर होणार अशी बातमी येते, एकजण म्हणतो बघा मेहनत केली की होतंय, दुसरा म्हणतो तिच्या वर्गातल्या बाकीच्या पोरींचं काय. दोघंबी मनापासून बोलतात, पण मराठवाड्यात संधी कुणाला आन् कधी मिळाली हे बघितल्याशिवाय ह्यावर बोलूच नये असं मला वाटतं.

सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. कारभार उर्दूत, उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं, म्हणजे मराठी घरातल्या पोराला डिग्री घ्यायची तर आधी दुसरी भाषा शिका आणि वर हैदराबादला राहायचा खर्च करा. १९४९ ला जहागिरी गेल्या, १९५० ला कुळकायदा आला, काही कुळं मालक झाली. पण सालगड्याचं नाव कूळ म्हणूनसुद्धा कुठं लागलेलं नव्हतं, त्याला काय मिळणार? हा फरक आजपर्यंत सातबाऱ्यावर दिसतो.

शिक्षणाचं दार मात्र खरंच उघडलं. बाबासाहेबांनी १९५० ला औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच मिलिंद, आणि १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ झालं. ज्यांच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं ती पोरं तिथून वकील, प्राध्यापक, लेखक होऊन निघाली. मेहनत त्यांची होतीच, पण कॉलेज, वसतिगृह, स्कॉलरशिप कुणीतरी आधी उभं केलं होतं. आणि तरी १९७८ ला विधिमंडळानं नामांतराचा, म्हणजे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा, ठराव केला तेव्हा गावोगाव दलितांची घरं जाळली गेली. नामविस्तार, म्हणजे मराठवाडा हे नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडणं, व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. शिकून वर येणाऱ्याला केवढी किंमत मोजावी लागली हे आपण फार लवकर विसरतो.

मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ. त्यातून राज्याची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. पण कोरडवाहू बीडमधून कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जाणं काही थांबलं नाही. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायची, दिवाळीच्या आसपास निघायचं, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. लेकरू सोबत गेलं की शाळेचं अर्ध वर्ष गेलं.

मग लातूर पॅटर्न. रात्रंदिवस सराव, टेस्टवर टेस्ट, मराठवाड्याची पोरं बोर्डाच्या मेरिट लिस्टमध्ये झळकली, त्याचा अभिमान मलाही आहे. पण क्लासची फी, खोलीचं भाडं, मेस हे सगळं धरलं तर कित्येक घरात जमीन विकावी लागते, आणि जमीनच नसेल तर विकणार काय?

त्यातबी मेडिकलला ७०:३० चा नियम होता, ७० टक्के जागा त्या-त्या विभागाच्या पोरांना. आपल्याकडं कॉलेजं कमी, त्यामुळं जास्त मार्क घेऊनही इथल्या पोराची सीट हुकायची आणि दुसऱ्या विभागात कमी मार्कावाल्याला मिळायची. आंदोलनं झाली, २०२० ला नियम रद्द झाला. अभ्यास तेवढाच, हुशारी तेवढीच, फक्त सरकारचा एक कागद बदलला आणि पोरं डॉक्टर व्हायला लागली. म्हणून मेहनतीचं कौतुक करताना मी आधी विचारतो, कोयत्यावर गेलेल्या घराच्या लेकराला मागं राहून शाळा करता यावी म्हणून गावात हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं का.