दाताचे खनिज वाचणारा प्रकाश : रामन वर्णपटशास्त्राची पार्श्वभूमी

दाताच्या एनॅमलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक आवरणात, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते, त्याखालच्या डेंटिनमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास. हे खनिज हायड्रॉक्सीअपेटाइट या कॅल्शियम-फॉस्फेट स्फटिकाच्या जातीचे, पण शुद्ध नसते. कुठे फॉस्फेटच्या जागी कार्बोनेट बसलेले असते, कुठे हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड. दात आम्लापुढे किती टिकेल हे बरेचसे या अदलाबदलीवर ठरते. ती तपासण्यासाठी बराच काळ दाताची पूड करून रासायनिक पृथक्करण किंवा क्ष-किरण विवर्तन करत. पुडीतून सरासरी मिळते. किडीची सुरुवात मात्र सरासरीत नव्हे, एखाद्या ठिपक्याएवढ्या जागेत होते. त्या नेमक्या जागेचे रसायन दात न कुटता वाचता येणे, हे मला रामन तंत्राचे, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थ ओळखण्याच्या पद्धतीचे, सर्वांत मोठे देणे वाटते.

त्यासाठी खूप वाट पाहावी लागली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी द्रवांतून विखुरलेल्या प्रकाशात बदललेल्या तरंगलांबीचा अंश ओळखला. त्याच वर्षी मॉस्कोत लांड्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांना क्वार्ट्झमध्ये हीच गोष्ट आढळली. तरंगलांबीतला हा फरक रेणूंच्या कंपनांवर ठरतो, म्हणून तो पदार्थाची ओळख सांगतो. पण असा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, कोटीत एखादा. पाऱ्याच्या दिव्यावर आणि छायाचित्रण काचेवर स्वच्छ द्रव किंवा मोठे स्फटिक अभ्यासता येत. दातासारख्या अपारदर्शक, सेंद्रिय द्रव्य मिसळलेल्या नमुन्याचा तिथे निभाव लागणे कठीणच होते.

१९६० साली लेसर आला आणि दोनच वर्षांत रामन मापनासाठी वापरला गेला. १९७०च्या दशकाच्या मध्यावर फ्रान्समधील लील येथे आणि अमेरिकेत रामन उपकरणाला सूक्ष्मदर्शक जोडला गेला, आणि मायक्रोमीटरभर जागा तपासता येऊ लागली. तरी दात दाद देईना. हिरवा लेसर पडला की त्यातली सेंद्रिय द्रव्ये स्वतःच चमकत आणि त्या फ्लुओरेसन्सखाली रामन रेषा, म्हणजे बदललेल्या तरंगलांबीच्या खुणा, बुडून जात. १९८६मध्ये ही द्रव्ये ज्याने फारशी चमकत नाहीत असा १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेसर वापरून फूरिये पद्धतीने (सगळ्या तरंगलांबी एकदम मोजून गणिताने वेगळ्या करून) मापन शक्य झाले. पुढे ७८५ नॅनोमीटरचे डायोड लेसर आणि सीसीडी हे संवेदनशील प्रकाशग्राहक आले. दातांपुरते बोलायचे तर सूक्ष्मदर्शकाइतकाच हा टप्पाही निर्णायक ठरला.

वर्णपटात सर्वांत ठळक रेषा ९६० प्रति सेंटीमीटरजवळची (प्रकाशातला हा बदल मोजण्याचे एकक), फॉस्फेटची. ती जितकी अरुंद, तितकी स्फटिकरचना नीट. १०७०जवळ कार्बोनेट दिसते, १६६०च्या आसपास कोलॅजेन हे डेंटिनमधले प्रथिन. त्यामुळे खनिज आणि कोलॅजेन यांचे गुणोत्तर थेट मिळते. पाण्याची रामन रेषा क्षीण असल्याने ओला दातही चालतो. अवरक्त शोषणाच्या पद्धतीत पाणी फार आड येते. २००० नंतरच्या दशकात कॅनडातील संशोधकांनी ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश वापरला. निरोगी एनॅमलमधले स्फटिक शिस्तीत मांडलेले असतात. कोवळ्या किडीत ती शिस्त बिघडते आणि ९६०च्या रेषेचे ध्रुवीभवन बदलते.

दात भरायच्या आणि बसवायच्या दंतद्रव्यांचा धागा वेगळा. दंतसंशोधक बोवेन यांच्या बिस-जीएमए या रेझिनचे पेटंट १९६२चे. त्यावर बेतलेले कंपोझिट (दात भरण्याचे द्रव्य) निळ्या प्रकाशाने कडक होताना किती रेणू खरोखर जोडले गेले, हे १६४० आणि १६०८ या दोन रेषांची तुलना सांगते. बहुधा काही दुहेरी बंध न जुळताच राहतात. १९८२मध्ये जपानी संशोधक नाकाबायाशी यांनी डेंटिन आणि रेझिन एकमेकांत मिसळलेला संकरित थर दाखवला. १९९०च्या दशकापासून त्या थरातून रामनचा ठिपका पायरीपायरीने सरकवून पाहिले, तेव्हा रेझिन चिकटावे म्हणून आम्लाने खनिज काढलेल्या खोलीपर्यंत रेझिन नेहमी पोहोचत नाही हे उघड झाले. झिर्कोनिया या सिरॅमिकबाबतही १९८२ हेच महत्त्वाचे वर्ष : तडा गेलेल्या भागातले स्फटिकांचे रूपांतर तेव्हा रामन तंत्राने मोजले गेले. १८० आणि १९०जवळची रेषांची जोडी उमटली की चतुष्कोनी रूपाचे एकनताक्ष रूप झाले असे समजते. ओलाव्यात जुन्या होणाऱ्या झिर्कोनियाच्या क्राउनसाठी (दातावरच्या टोपीसाठी) ही खूण मोलाची आहे.

तोंडात थेट मापन अजून अवघड आहे. दातावरचा थर आणि डाग चमकतात, संकेत क्षीण असतो आणि माणसाला स्थिर बसवावे लागते. म्हणून बहुतेक अभ्यास काढलेल्या दातांवर होतात, आणि तो दात कोणत्या द्रवात, किती काळ साठवला होता याची नोंद वर्णपटाइतकीच काळजीपूर्वक ठेवावी लागते.